न थकणारा तबलजी

गोसीखुर्द म्हटले की लोकांना वैनगंगेवरचे धरण आठवते. गवई कोणालाच आठवत नाही. म्हणून आमच्याकडे संगीत नाही असे मात्र नव्हे. भजनात खंजिरी आहे, झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन आणि तबला आहे. नाही तो फक्त रोज पहाटे रागाच्या रियाजाला साथ करील असा तबलजी. त्याची जागा सध्या माझ्या मोबाईलने घेतली आहे.

हे यंत्र करते तरी काय? काळी एक की पांढरी चार, एवढी पट्टी सांगावी. तंबोरा सुरू होतो. ताल आणि लय सांगावी. ठेका सुरू होतो. त्रिताल म्हटला की १६ मात्रा, ४-४ मात्रांचे ४ खंड, पहिल्या मात्रेवर सम आणि नवव्या मात्रेवर खाली. मिनिटाला ६० मात्रा मागितल्या तर ६०च. ना ६१, ना ५९! हा तबलजी बिदागी मागत नाही की रुसत नाही. आजी विचारते, "याले जेवाले नाई लागत का रे?" फोन आला की तेवढा तो मध्येच उठून जातो.

ही कल्पना काही आजची नव्हे. बंगळुरूचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आता तेच काम मोबाईल करतो. यंत्राला नाके मुरडणाऱ्यांनी पेटीची गोष्ट आठवावी. १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. आज पेटीवाचून मैफल अडते!

मग उणे कुठे आहे? मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तंबोऱ्याची जवारी घोडी आणि तारेमधला दोरा सरकवून लावावी लागते. ती लावता लावता कान तयार होतो. यंत्राचा तंबोरा लावलेलाच येतो. तबल्याचे तर त्याहून मोठे. खरा साथीदार तानेचा रोख ओळखतो, तिहाईला उत्तर देतो, समेवर मान हलवतो. यंत्राला हात आहेत, कान नाहीत. गाणारा नवव्या मात्रेलाच सम समजून थांबला, तरी ते आपले पुढे चालतेच.

शहरातल्या विद्यार्थ्यापुढे यंत्र की साथीदार असा प्रश्न असतो. आमच्यापुढे यंत्र की शांतता असा आहे. म्हणून मी यंत्र सोडणार नाही. पण आपल्याच वर्गात भजनात खंजिरी वाजवणारे मित्र आहेत. मोबाईलवर मला ठेका मिळतो, तसा त्यांनाही तो ऐकून शिकता येईल. मग आठवड्यातून एक तास मोबाईल बंद ठेवून आपण एकत्र बसावे. सम चुकेल, चुकू द्या. निदान ती चुकल्याचे दोघांनाही कळेल!