सौदा नवऱ्याचा, किंमत बायकोची!

सैतानाशी सौदा म्हटले की स्वतःचा आत्मा विकणारा माणूस आठवतो. आयरा लेविन यांच्या कादंबरीवर रोमन पोलान्स्की यांनी १९६८ साली काढलेला ‘रोझमेरीज बेबी’ वेगळाच व्यवहार दाखवतो. रोझमेरीचा नवरा न्यूयॉर्कमधला, हाती मोठे काम नसलेला नट. शेजारचे म्हातारे जोडपे सैतानाचे उपासक. सौदा ठरतो, प्रतिस्पर्धी नट अचानक आंधळा होतो आणि त्याची भूमिका याला मिळते. मोबदल्यात हा काय देतो? बायकोचे शरीर! शेजारणीने दिलेल्या गोड पदार्थातून रोझमेरीला गुंगी येते आणि सैतानाचा गर्भ तिच्यावर लादला जातो. तिला विचारले कोणी? मदतीसाठी ती दुसऱ्या डॉक्टरकडे धावते, तर तो तिला भ्रमिष्ट समजून नवऱ्याच्याच हवाली करतो.

या चित्रपटातल्या सैतानाचे आम्हाला भय वाटत नाही. तो पडद्यावर ओझरताच दिसतो. भय वाटते ते नवऱ्याचे, शेजाऱ्यांचे, डॉक्टरचे. सगळी कशी सभ्य माणसे! बाईच्या देहाचा सौदा तिच्या परस्पर करणाऱ्यांना सैतान हवाच कशाला, हा आमचा सवाल आहे.