तुम्ही आधी पळता, सर्व्हरला नंतर कळतं. ही आयडिया आली १९९६ च्या एका गेममधून

बीजीएमआय खेळताना स्क्रीनवर पिंगचा आकडा सतत हलत असतो. तो ४० असेल तर कुणी ढुंकून बघत नाही, २५० झाला की शिव्या सुरू होतात. पिंग म्हणजे तुमच्या फोनवरून निघालेला निरोप सर्व्हरला पोचून त्याचं उत्तर परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत मोजलेला.

आता गंमत बघा. पिंग २०० असला तरी जॉयस्टिक ढकलल्या ढकलल्या तुमचा खेळाडू पळायला लागतो. सर्व्हरचं उत्तर तर अजून यायचंय. मग त्याला पळायची परवानगी दिली कुणी?

यासाठी जावं लागतं १९९६ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये अमेरिकेतल्या आयडी सॉफ्टवेअर कंपनीचा 'क्वेक' हा गेम आला. त्याचा मुख्य प्रोग्रॅमर होता जॉन कारमॅक.

इंटरनेटवर माहिती पाठवायच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. टीसीपी म्हणजे रजिस्टर पत्र. पोच मिळाली नाही तर ते पुन्हा पाठवलं जातं आणि तोवर मागची सगळी पत्रं थांबून राहतात. ईमेलसाठी हे उत्तम. पण गेममध्ये 'शत्रू दाराशी आहे' ही बातमी अर्ध्या सेकंदानंतर मिळून उपयोग काय? तोवर तो जिन्यावर पोचलेला असतो.

दुसरी पद्धत यूडीपी, म्हणजे साधं पोस्टकार्ड. टाकलं की विसरा. पोचलं तर पोचलं. वेगवान, पण भरवशाचं नाही.

म्हणून क्वेकने यूडीपी घेतलं आणि त्यावर स्वतःचे नियम बसवले. यालाच कस्टम प्रोटोकॉल म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर क्रमांक टाकायचा. नवं आल्यानंतर जुनं उगवलं तर सरळ फेकून द्यायचं. चॅटसारख्या ज्या गोष्टी हरवून चालणार नाहीत, तेवढ्याच पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवायच्या. थोडक्यात, काय हरवलं तर चालेल हे आधीच ठरवून टाकायचं.

एवढं करूनही लोक वैतागले. कारण क्वेकमध्ये तुमचा कॉम्प्युटर नुसता हमाल होता. तुम्ही बटण दाबलं की निरोप सर्व्हरला जायचा, सर्व्हर हिशेब करायचा आणि उत्तर आल्यावरच तुमचं पाऊल पुढे पडायचं. ऑफिसच्या लॅनवर हे जाणवायचं नाही. पण घरच्या मोडेमवर पिंग २०० ते ४०० च्या घरात, त्यामुळे चालणंसुद्धा चिखलातून चालल्यासारखं.

कारमॅकला हे आधी का कळलं नाही? त्याच्या घरी टी-१ लाइन होती, म्हणजे तेव्हाच्या २८.८ च्या मोडेमपेक्षा पन्नासपट वेगवान. मोडेमवाल्यांचं जगणं आपल्याला ठाऊकच नव्हतं आणि आपली मूळ गृहीतकंच चुकली, हे त्याने त्याच ऑगस्टमध्ये जाहीरपणे लिहून टाकलं. असं कबूल करणारे इंजिनिअर आजही फार सापडत नाहीत.

डिसेंबरमध्ये त्याने 'क्वेकवर्ल्ड' आणलं. आता तुम्ही बटण दाबलं की तुमचाच कॉम्प्युटर अंदाज बांधून तुम्हाला लगेच पुढे न्यायचा. मागून सर्व्हरचं उत्तर आलं आणि अंदाज जुळला तर तुम्हाला पत्ताही लागायचा नाही. नाही जुळला तर झटका बसून तुम्ही मागे. नेट खराब असताना खेळाडू रबर ताणून सोडल्यासारखा मागे खेचला जातो, तो हाच प्रकार.

अजून एक युक्ती होती. खेळाडूच्या प्रत्येक पॅकेटमध्ये ताज्या हालचालीसोबत आधीच्या दोन हालचालीही जायच्या. मधलं एखादं पॅकेट गहाळ झालं तरी पुढच्यात भरपाई व्हायची.

पण अंतिम शब्द सर्व्हरचाच राहिला. खेळाडूचा कॉम्प्युटर 'मी इथे आहे' असं सांगत नाही, फक्त 'पुढे चाल, डावीकडे वळ, गोळी झाड' एवढंच कळवतो. जागा सर्व्हर ठरवतो. नाहीतर कुणीही चीटर 'मी तुझ्या मागे उभा आहे' असं सांगून मोकळा झाला असता.

या सोयीची एक किंमत आहे. स्क्रीनवर तुम्ही स्वतः 'आत्ता'मध्ये असता, पण बाकीचे दिसतात ते थोडे भूतकाळातले. म्हणजे नेम अचूक असूनही गोळी हुकणार. त्यावर 'हाफ-लाइफ'वाल्यांनी उपाय काढला. गोळी झाडली की सर्व्हर घड्याळ मागे फिरवतो आणि त्या क्षणी तुम्हाला शत्रू कुठे दिसत होता ते तपासतो. झाडणाऱ्याला न्याय मिळाला, पण मरणारा म्हणतो, 'मी तर भिंतीआड गेलो होतो!' दोघंही आपापल्या स्क्रीनपुरते खरे बोलत असतात. दोन्ही बाजूंना पूर्ण समाधान देईल असा प्रोटोकॉल अजून कुणाला जमलेला नाही.

'हाफ-लाइफ' क्वेकच्याच इंजिनवर उभा राहिला आणि त्यातून 'काउंटर-स्ट्राइक' आला. क्वेकवर्ल्डमध्ये सर्व्हरशी जोडणी होण्याआधीच्या निरोपांच्या सुरुवातीला चार बाइट असायचे, प्रत्येकाची किंमत २५५. आजही 'काउंटर-स्ट्राइक'च्या सर्व्हरला 'कोणता मॅप चालू आहे, किती जण खेळताहेत' असं विचारायचं असेल, तर निरोप त्याच चार बाइटनी सुरू करावा लागतो.