कुमारी : गर व चीक यांचा विवेक

दिंद्रुडसारख्या बीड जिल्ह्यातील अवर्षणप्रवण भागात कोरफड अल्प पाण्यावरही तग धरते. ‘कुमारी’ या नावाने निघंटूंत वर्णिलेली ही वनस्पती तिक्त रसाची, शीतवीर्य, पिच्छिल व भेदनी आहे. तथापि एकाच पानात दोन भिन्न द्रव्ये असतात, याकडे आम्ही व्यावसायिक बंधू-भगिनींचे लक्ष वेधू इच्छितो.

पानाच्या मधला पारदर्शक गर सुमारे ९८ ते ९९ टक्के जलमय असून त्यात बहुशर्करा असतात. उन्हाने झालेला दाह, किरकोळ भाजणे व त्वचेचा रूक्षपणा यांवर त्याचा लेप हितकर ठरतो. खोल जखमेवर मात्र तो लावू नये.

सालीलगतचा पिवळा, कडू चीक ॲलोइनयुक्त व तीव्र रेचक असतो. तो आटवून काळा बोळ तयार होतो. रजःप्रवर्तिनी वटीत त्याची योजना आहे. म्हणूनच तो गर्भिणीस वर्ज्य होय. २००२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चिकाची रेचके विनाचिठ्ठी विक्रीतून वगळली. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने संपूर्ण पानाच्या अर्काची गणना ‘संभाव्य कर्कजनक’ गटात केली.

यास्तव कापलेले पान उभे ठेवून चीक निथळू द्यावा, साल काढून गर स्वच्छ धुवावा व प्रथम हातावर अल्प लेप लावून पाहावा. औषधी दुकानदारांनी ‘रसा’ची बाटली देताना तो गराचा की संपूर्ण पानाचा, हे वेष्टनावर अवश्य तपासावे. ‘वनस्पती म्हणजे निरुपद्रवी’ हा रुग्णांचा समज दूर करणे, हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते.