मालमोटार विकून पिकअप घेताना

शेतकऱ्याच्या गोठ्यातला बैल बाजारात न्यायचा ठरला म्हणजे त्या दिवशी घरातली माणसे नीट जेवत नाहीत, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. मालमोटारीच्या बाबतीतही असेच घडते, हे मात्र ज्यांच्या दारात मालमोटार कधी उभी राहिली नाही त्यांना सहसा खरे वाटत नाही. लोखंडावर कोणी जीव लावतो काय, असे ते विचारतात. त्यांनी एकदा बीरगांवास यावे.

बीरगांव हे रायपूरच्या उत्तर अंगाचे, बिलासपूर रस्त्याला धरून वाढलेले कामगारांचे गाव. आज तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. शेजारीच उरला हे औद्योगिक क्षेत्र आणि थोडे पुढे गेले की सिलतरा. लोखंड आणि पोलाद हा या भागाचा मुख्य व्यवसाय असल्यामुळे अहोरात्र मालमोटारींची रीघ लागलेली असते. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे येत राहिली, आणि पुढे रेल्वे, सरकारी कचेऱ्या व कारखाने यांच्यामुळे त्यांत भर पडली. त्यांतली काही वाहतुकीच्या धंद्यातही आहेत. एकच गाडी, तीच स्वतः चालवायची आणि तिच्यावरच घर चालवायचे, असे हे मालक असतात. अशा मालकावर आपली दहाचाकी विकून एखादी लहान, परवडणारी पिकअप घेण्याची वेळ आली, तर त्याने हिशेब कसा मांडावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्याच्या जिव्हाळ्याविषयी बोलले पाहिजे, कारण हिशेबाच्या आड तोच येतो. मोठी मालमोटार पुष्कळदा कारखान्यातून अर्धीच येते. मालक विकत घेतो ती चेसिस, म्हणजे इंजिन, चाके आणि सांगाडा. हौदा बांधतो सुतार, रंग देतो रंगारी, आणि मागच्या फळीवर काय लिहायचे हे ठरवतो मालक. मुलीचे नाव, कुलदैवताचे नाव, एखादा खोचक शेर, सगळे त्याच्या पसंतीचे. सतरा सप्टेंबरला विश्वकर्म्याची पूजा आणि दसऱ्याला पुन्हा झेंडूची माळ. गाडी अशी घरच्या हातांनी घडलेली असते. त्यातून ती ताकदीची असली तर विचारूच नका. रायपूरहून जगदलपूरकडे जाताना केशकालचा घाट लागतो. त्याची वळणे भरल्या गाडीने न थांबता चढून जाणे, ही या मंडळींत प्रतिष्ठेची गोष्ट आहे आणि ती मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. ज्याला आपल्या अवजाराचा अभिमान नाही तो ते अवजार नीट राखीत नाही, हा माझा अनुभव आहे.

आता ही ताकद म्हणजे नेमके काय, ते पाहू. टाटांच्या जुन्या मालमोटारींच्या नावातच तिचे गणित दडलेले असे. ‘२५१८’ या आकड्यातील पहिले दोन अंक एकूण वजन सांगतात, भरलेल्या गाडीचे पंचवीस टन. पुढचे दोन अंक दहाने गुणले की अश्वशक्ती मिळते, एकशेऐंशी. आता भागाकार करा. दर टनाला सात अश्वशक्तीहून थोडी अधिक. याउलट मे २००५ मध्ये बाजारात आलेली टाटा एस ही चिमुकली गाडी घ्या. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले. तिचे पहिले इंजिन दोन नळकांड्यांचे, सातशेदोन घनसेंटिमीटरचे, अवघ्या सोळा अश्वशक्तीचे होते. पण भरल्या गाडीचे वजन सुमारे दीड टन, म्हणजे टनामागे दहा अश्वशक्ती पडतात. ज्या गाडीला आपण दुबळी समजतो ती स्वतःच्या वजनाच्या मानाने अधिक सशक्त आहे! दहाचाकीचे बळ वेगात नाही. ते सोळा टन माल एका खेपेस ओढून नेण्यात आहे. तो माल नसेल तेव्हा ते बळ केवळ डिझेल पिते.

हे डिझेलचे कोडे उदाहरणाने सोडवू. आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे घालावेत. रायपूरहून नागपूरला जाऊन परत यायचे म्हणजे ढोबळ मानाने सहाशे किलोमीटर. दहाचाकी भरलेली असता लिटरला चार आणि रिकामी असता सहा किलोमीटर जाते असे धरू. जाताना सोळा टन माल, येताना रिकामी. जाताना पंचाहत्तर लिटर, येताना पन्नास, एकूण सव्वाशे. टनामागे आठ लिटरही लागले नाहीत. लहान गाडी लिटरला अठरा किलोमीटर गेली तरी तिच्यात माल मावतो पाऊण टन. तिला त्याच फेरीस तेहेतीस लिटर लागतील, म्हणजे टनामागे चव्वेचाळीस. तेव्हा मोठी गाडी उधळी आणि लहान गाडी काटकसरी, हा समज साफ चुकीचा आहे. भरलेली दहाचाकी ही रस्त्यावरील अतिशय स्वस्त वाहनांपैकी एक आहे. परंतु त्याच दहाचाकीला दोनच टन माल मिळाला तर? जाताना-येताना मिळून शंभर लिटर जळाले, टनामागे पन्नास. येथे लहान गाडी पुढे गेली. म्हणून ‘गाडी किती ॲव्हरेज देते’ हा प्रश्न मालकाने दुसरा विचारावा. पहिला प्रश्न असा की, गेल्या बारा महिन्यांत माझी गाडी किती वेळा पूर्ण भरली?

बीरगांवातील एकट्या मालकाला या प्रश्नाचे उत्तर अवघड का जाऊ लागले, त्याला कारणे आहेत आणि ती त्याच्या कर्तबगारीशी संबंधित नाहीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमांवरील विक्रीकराची नाकी उठली. त्यापूर्वी करासाठी प्रत्येक राज्यात निराळे गोदाम ठेवणे कंपन्यांना सोयीचे होते. ते कारण गेल्यावर मोठी, मध्यवर्ती गोदामे परवडू लागली. तेथपर्यंत माल न्यायला प्रचंड गाड्या आणि तेथून दुकानापर्यंत न्यायला अगदी लहान गाड्या, अशी विभागणी वाढली. मधल्यांची पंचाईत झाली. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, केंद्र सरकारने आसांवरील भाराची मर्यादा वाढवली. दोन आसांच्या साध्या मालमोटारीचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेले, आणि मोठ्या गाड्यांचेही त्याच प्रमाणात वाढले. तेवढाच माल आता थोड्या गाड्यांत जाऊ लागला. कारखान्याशी वर्षभराचा करार करणाऱ्या, पन्नास-शंभर गाड्या बाळगणाऱ्या वाहतूकदाराला हे सोसते. एका गाडीच्या मालकाला मात्र दलालाच्या दारात भाड्याची वाट पाहत बसावे लागते.

आणि गाडी उभी असली तरी काही खर्च थांबत नाहीत. सावकारी असो वा बँकेचा, हप्ता ठरल्या तारखेला येतोच. विम्याचे पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत भाड्याने माल वाहणाऱ्या साडेसात टनांपर्यंतच्या चारचाकी गाडीस त्रयस्थ पक्षाच्या विम्याचा वार्षिक हप्ता १६,०४९ रुपये ठरला; वीस ते चाळीस टनांच्या गाडीस तो ४३,९५०. दहा टायर विरुद्ध चार टायर, हा हिशेब तर सांगायलाच नको. समजा, असा बांधलेला खर्च महिन्याला साठ हजार आहे. सहा फेऱ्या झाल्या तर फेरीमागे दहा हजार, दोनच झाल्या तर तीस हजार. हे तीस हजार पोटातून जातात: मुलाच्या शाळेतून, बायकोच्या औषधातून. वर्षभर वहीत असेच आकडे उमटत असतील, तर दहाचाकी राखणे हे प्रेम असले तरी त्याची किंमत दुसरेच कोणी मोजीत आहे, हे मालकाने ओळखावे.

पिकअपच्या बाजूने आणखी काही गोष्टी आहेत. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ६६ प्रमाणे तीन हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीस परवाना काढावा लागत नाही. मात्र बाजारातील कित्येक पिकअप या रेषेच्या अलीकडे-पलीकडे आहेत. विक्रेत्याच्या तोंडावर विसंबू नये, नोंदणीपुस्तकातला वजनाचा आकडा वाचावा. चालकाच्या अनुज्ञप्तीचा प्रश्नही सुटला आहे. हलक्या मोटारीची अनुज्ञप्ती असलेल्यास साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हा २०१७ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केला. बापाबरोबर मुलगाही गाडीवर बसू शकतो, हा त्याचा घरगुती अर्थ. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.

जुनी गाडी देताना जी घाई होते तिच्याविषयी मी जरा विस्ताराने बोलणार आहे, कारण येथे माणसे बुडतात. गिऱ्हाईक रोख पैसे देते, किल्ली नेते, ‘कागद पुढच्या महिन्यात करू’ म्हणते. मालकाचेही मन जड झालेले असते. त्याला तो विषय लवकर संपवायचा असतो. पण कायद्याच्या दृष्टीने गाडीचा मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ मध्ये हेच सांगितले: गाडी हातोहात चार जणांकडे गेलेली असली तरी अपघाताची भरपाई नोंदणीतील मालकावर येते. तेव्हा क्रम असा ठेवावा. कर्ज फिटले असल्यास बँकेकडून नमुना ३५ घेऊन नोंदणीवरील बोजा उतरवावा. मग नमुना २९ ने हस्तांतराची वर्दी द्यावी. राज्यातल्या राज्यात त्यास चौदा दिवसांची मुदत आहे. घेणाऱ्याने नमुना ३० भरावा. गाडी परराज्यात जात असेल तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, आणि बीरगांवची गाडी गोंदियाच्या माणसाने घेतली तर तेही परराज्यच. काचेवरचा फास्टॅग बंद करावा, नाही तर टोल आपल्या खात्यातून आणि प्रवास दुसऱ्याचा.

शेवटचा मुद्दा नव्या गाडीसंबंधी आहे. सोळा टन वाहण्याची सवय झालेल्या हाताला पाऊण टन ही चेष्टा वाटते. ‘आणखी चार पोती टाक, काय होते’ असे तो म्हणून जातो. पाटे वाकतात, ब्रेक पुरत नाहीत आणि उतारावर गाडी ऐकत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनास दोन हजार अशी तरतूद आहे. पण दंड ही त्यातली लहान गोष्ट. याहून वाईट म्हणजे मालाच्या हौद्यात माणसे भरणे. २० मे २०२४ रोजी कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या मजुरांची पिकअप दरीत कोसळली आणि १९ जण मृत्युमुखी पडले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. लग्नाचे वऱ्हाड असो, बाजारकरी असोत की ओळखीचे मजूर असोत, त्यांना हौद्यात घ्यायचे नाही, हे गाडी घेतानाच ठरवलेले बरे. पुढे भीड पडते.

ज्यांचा निर्णय अजून होत नसेल त्यांनी दहाचाकी विकण्यापूर्वी एखाद्या ओळखीच्याची पिकअप महिनाभर भाड्याने चालवून पाहावी. उरल्याहून भिलाईला दोन फेऱ्या, एखाद्या दिवशी धमतरी, आणि रोज रात्री वहीत चारच रकाने: माल किती, किलोमीटर किती, डिझेल किती, हातात काय उरले. तीच वही दहाचाकीच्या गेल्या बारा महिन्यांच्या वहीशेजारी ठेवावी आणि त्या वेळी घरातल्या माणसांनाही जवळ बसवावे.