हाताचा कंप व खाजकुयलीचें बीं

लेखणी टेकतांच आमचा हात कांपूं लागला. महसूल खात्यांत सह्या पडताळण्यांत जन्म गेला आणि आमचीच सही बँकेंत जुळेना! खाजकुयलीचें बीं घ्या, असें नेरळांत पुष्कळांनीं सुचविलें. त्यांत लेव्होडोपा असतें खरें. परंतु त्याचा उपयोग पार्किन्सनच्या कंपवातावर, ज्यांत हात बहुधा स्वस्थ असतां हालतो. आमचा हात मांडीवर स्थिर, कप उचलतांच मात्र चहा सांडे. हा इसेन्शियल ट्रेमर निराळा. त्यावर तें बीं कामाचें नाहीं. प्रोप्रॅनोलॉलनें कंप उणा होतो, समूळ जात नाहीं. पण दमेकऱ्यास तें वर्ज्य, आणि आम्हांस दमा आहे. म्हणून डॉक्टरांनीं अल्प मात्रेनें प्रिमिडोन दिलें. प्रथम गुंगी फार आली. मेंदूंत तार बसविण्याची शस्त्रक्रियाही आहे. परंतु घांस तोंडापर्यंत पोंचतो तोंवर तिचा विचार नाहीं. सहीचा नवा नमुना बँकेंत देऊन आलों.