टाचदुखी आणि चालण्याची ढब

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दिवसातील बराच वेळ उभे राहण्यात जातो. कडक फरशीवर लागोपाठ तासिका घेणे, जिने चढणे-उतरणे, परीक्षेच्या काळात पर्यवेक्षणाच्या फेऱ्या मारणे हा या व्यवसायाचाच भाग होय. साहजिकच टाचदुखी ही अध्यापक कक्षात वारंवार ऐकू येणारी तक्रार आहे. तिला वयाचा परिणाम मानून दुर्लक्ष केले जाते, किंवा 'टाचेचे हाड वाढले' असे म्हणून मऊ चप्पल घेतली जाते. प्रत्यक्षात दुखणे टाचेत असले तरी त्याचे मूळ बरेचदा पोटरीत आणि चालण्याच्या ढबीत असते. प्रस्तुत लेखात हा संबंध स्पष्ट केला आहे.

तळपायाची रचना

एका पावलात 26 हाडे असतात. ती कमानीसारखी रचलेली असून टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत गेलेला एक चिवट पट्टा ही कमान ताणून धरतो. या पट्ट्यास 'प्लांटर फॅशिया' म्हणतात. 1954 साली जे. एच. हिक्स यांनी त्याच्या कार्याची तुलना रहाटाशी केली. रहाट फिरवला की दोर गुंडाळला जाऊन ताठ होतो. त्याचप्रमाणे टाच उचलून बोटे वर वळली की हा पट्टा ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल घट्ट होऊन शरीर पुढे ढकलते.

चालताना काय घडते?

चालण्याच्या एका आवर्तनात पाऊल सुमारे 60 टक्के वेळ जमिनीवर व 40 टक्के वेळ हवेत असते. प्रथम टाच टेकते, मग संपूर्ण तळवा टेकतो. त्यानंतर नडगी घोट्यावरून पुढे झुकते आणि शेवटी टाच उचलली जाऊन भार चवड्यावर येतो. यातील नडगी पुढे झुकण्याचा टप्पा महत्त्वाचा आहे. पोटरीचे स्नायू आखडलेले असतील तर घोटा पुरेसा वाकत नाही. मग शरीर दुसरा मार्ग शोधते. टाच वेळेआधी उचलली जाते, पाऊल बाहेरच्या बाजूस वळवून टाकले जाते, किंवा आतल्या बाजूस कलून कमान सपाट होते. कमान सपाट झाली की पट्ट्यावर ताण येतो. हा ताण दिवसभरात हजारो पावलांतून पुन:पुन्हा पडत राहतो.

2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या रिडल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात या विकाराच्या 50 रुग्णांची तुलना 100 निरोगी व्यक्तींशी करण्यात आली. घोटा कमी वाकणे, स्थूलता आणि कामाचा बहुतांश वेळ पायांवर असणे, हे तीन धोके त्यात आढळले. यांपैकी घोट्याच्या ताठरपणाचा संबंध सर्वांत ठळक होता.

लक्षणे व गैरसमज

सकाळी अंथरुणातून उठल्यावर टाकलेले पहिले पाऊल असह्य दुखते, थोडे चालल्यावर दुखणे कमी होते आणि दिवसअखेरीस पुन्हा वाढते, हे या विकाराचे ठळक लक्षण आहे. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाचा काटा दिसला की दोष त्याला दिला जातो. परंतु असा काटा कोणताही त्रास नसलेल्या अनेकांतही आढळतो.

दुखरी टाच टेकू नये म्हणून माणूस लंगडतो व चवड्यावर किंवा पावलाच्या कडेवर भार देतो. त्यामुळे गुडघा व कंबर यांवर ताण येऊ शकतो. पुढे चालणेच टाळले जाते, वजन वाढते व पट्ट्यावरील भार आणखी वाढतो. हे दुष्टचक्र वेळीच तोडणे आवश्यक आहे.

उपाय

1) सकाळी पहिले पाऊल टाकण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटे हाताने नडगीच्या दिशेने ओढावीत. 10 सेकंद धरावे, असे 10 वेळा करावे. दिवसातून तीनदा ही क्रिया करावी. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या डीजिओव्हानी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात हा व्यायाम केवळ पोटरी ताणण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरला.

2) भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ व टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणावी. वर्गात जाण्यापूर्वी अर्धा मिनिटही पुरतो.

3) बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून पायरीच्या कडेवर टाच सावकाश उचलावी व खाली आणावी. हा व्यायाम एक दिवसाआड करावा. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या रॅथलेफ व सहकाऱ्यांच्या डेन्मार्कमधील अभ्यासात तीन महिन्यांनंतर त्याचा लाभ ताणण्याच्या व्यायामापेक्षा अधिक दिसला.

4) सपाट व कडक तळाची चप्पल दुखणे असेपर्यंत टाळावी. बेळगाव-कोल्हापूर भागात रोजच्या वापरात असलेली कातडी चप्पल टाचेला उशी देत नाही व कमानीला आधारही देत नाही. घरातही अनवाणी फिरू नये.

5) पावले लहान टाकावीत व बोटे समोर ठेवावीत. एका जागी उभे राहण्याऐवजी अधूनमधून बसावे.

बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरे होतात. मात्र नियमितपणा हवा. टाचेतील स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने तात्पुरता आराम मिळतो, पण ते वारंवार घेतल्यास पट्टा तुटण्याचा धोका असतो.

वैद्यकीय सल्ला केव्हा?

रात्री विश्रांतीतही दुखणे, बधिरता, सूज, पडल्यानंतर आलेली वेदना, किंवा दोन्ही टाचांसोबत सकाळी कंबर ताठरणे, यांपैकी काही असल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी विशेष दक्ष राहावे. त्यांच्या बाबतीत वेदना नसणे हेच धोक्याचे असू शकते. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की वेदना न जाणवणारे पाऊल त्याच जागी पुन:पुन्हा भार सोसत राहते व तेथे जखम होते. मधुमेहात बधिर झालेल्या पावलासही हेच लागू पडते.

समारोप

टाचदुखी ही सहन करण्याची बाब नव्हे. ती पावलाकडून मिळालेली सूचना आहे. पोटरीची लवचीकता, योग्य पादत्राणे व चालण्याकडे थोडे लक्ष, एवढ्यावर अनेक अध्यापकांना वर्गात पुन्हा विनात्रास उभे राहता येईल. विद्यार्थ्यांनाही हा विषय शारीरिक शिक्षणाच्या तासिकेत सहज शिकविता येण्यासारखा आहे.