ऑक्टोपॅडचा किक : पायाखालची जुळणी

ऑक्टोपॅडवर किक, म्हणजे तालातला खर्जाचा ठोका, दोन तऱ्हांनी वाजतो. मशीनवरच्या आठ पॅडांपैकी एकावर तो आवाज बसवून काठीने, नाहीतर वेगळ्या जोडलेल्या पॅडवर पेडलने. पेडल लावले की दोन्ही हात बाकीच्या पॅडांसाठी मोकळे होतात. जुळणीची कटकटही तिथूनच सुरू होते. रोलंड कंपनीचे पहिले ऑक्टोपॅड, पॅड-८, १९८५ मध्ये आले. पुढच्या मॉडेलांपैकी एसपीडी-२० आर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांनी उचलून धरले, तर २०१० च्या एसपीडी-३० मध्ये किकच्या पॅडला स्वतंत्र जोडणी मिळाली.

धाराशिव जिल्ह्यात अशा पॅडची तुलना संबळाशी होणारच. तुळजापूरच्या तुळजाभवानीपुढे आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेत लोकांचा कान संबळावरच तयार झालेला असतो, आणि हल्ली जागरण-गोंधळाच्या पार्टीत संबळाशेजारी ऑक्टोपॅडही दिसते. संबळाची दोन भांडी, एक लहान, एक मोठे. एक काठी सरळ, दुसरी टोकाला वळलेली. मोठ्या भांड्याचे कातडे ताणले की सूर चढतो आणि त्याच वेळी काठीची उसळीही वाढते. पावसाळी हवेत कातडे सैल पडते, मग दोन्ही एकदम उतरतात. इलेक्ट्रॉनिक पॅडने ही गाठ सोडवली. पॅडवर कातड्याच्या जागी असलेल्या जाळीचा ताण फक्त पायाला काय जाणवते ते ठरवतो. सूर मशीनमध्ये वेगळा लावायचा. कातड्यावर हात बसलेला वादक म्हणूनच सुरुवातीला गोंधळतो. आवाज बारीक वाटला की तो जाळी सैल करतो, आणि आवाज तसाच राहतो.

पॅडच्या पोटात पिझो सेन्सर असतो. ठोक्याचा कंप त्याच्यापर्यंत पोहोचला की क्षणभर विजेचा दाब तयार होतो. मशीन तो मोजून ठोक्याला १ ते १२७ पर्यंतचा जोर देते. वादकाच्या पायाबद्दल मशीनला कळते ते एवढेच. पायाला आणि हाताला काय वाटते याचा विचार या वाद्यांत उशिराच झाला. १९८१ च्या सिमन्स एसडीएस-५ चे षट्कोनी पॅड कडक पॉलिकार्बोनेटचे होते आणि त्यावर वाजवून मनगटे दुखत असल्याची तक्रार जगभर झाली. मग रबर आले. १९९७ मध्ये रोलंडने रेमो कंपनीबरोबर तयार केलेली जाळीची पॅड बाजारात आणली, तेव्हा कुठे खऱ्या चामड्याजवळची उसळी मिळाली.

जुळणी पायापासून वर न्यावी, मिक्सरपासून खाली नव्हे. पुष्कळ पार्ट्यांत नेमके उलटे चालते. किक ऐकू येत नाही म्हणून साउंडवाला फेडर वर सारतो, आणि पॅडकडे कोणी बघतही नाही.

आधी पेडलची स्प्रिंग. ती घट्ट केली तर बीटर, म्हणजे पॅडवर आदळणारा पेडलचा गोळा, लवकर मागे येतो, पण पायाला जोर जास्त लागतो. रात्रभराच्या कार्यक्रमात पोटरी भरून येते. बीटर पॅडपासून लांब ठेवला तर ठोका वजनदार पडतो, मात्र जलद लयीत मागे रेंगाळतो. फेल्टच्या बीटरचा आघात मऊ, प्लॅस्टिकचा तीक्ष्ण. लाकडी बीटरने जाळी लवकर झिजते. सेन्सर मधोमध असलेल्या पॅडवर बीटर अगदी केंद्रावर पडू देऊ नये, कारण तिथला साधा ठोकाही प्रमाणाबाहेर मोठा मोजला जातो. बोटभर बाजूला घेतला की ठोके एकसारखे येतात.

त्यानंतर मशीन. सेन्सिटिव्हिटी अशी ठेवायची की नेहमीच्या जोरकस ठोक्याला आकडा जेमतेम कमालीपर्यंत जावा. ती कमी असेल तर सगळी पट्टी वापरलीच जात नाही आणि किक कायम दबलेला राहतो. जास्त असेल तर हळू आणि जोरात यांतला फरकच मरतो. थ्रेशोल्ड म्हणजे किती हलक्या धक्क्याकडे दुर्लक्ष करायचे ती मर्यादा. चालत्या टेम्पोवर इंजिनाच्या थरथरीने, किंवा लाकडी स्टेजवर शेजारच्या बेसच्या स्पीकरने किक आपोआप वाजू लागला तर थ्रेशोल्ड वाढवावा, आणि पॅडखाली जाड सतरंजी घालावी. एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर दोष बहुधा पायाचा असतो: बीटर पॅडवर दाबून धरला की तो थरथरतो आणि दुसरा ठोका मोजला जातो. त्यासाठी मास्क टाइम, म्हणजे एका ठोक्यानंतर दुसरा न मोजण्याचा अवधी, थोडा वाढवता येतो, पण फार वाढवला तर खरे जलद ठोकेही गिळले जातात. कर्व्ह म्हणजे ठोक्याच्या जोराला किती मोठा आवाज द्यायचा ते प्रमाण. तो बदलला की त्याच पायाचा स्वभाव बदलतो. लाउड कर्व्हवर हलका ठोकाही मोठा येतो. वरातीला ते ठीक, गोंधळ्याचे कथन चालू असताना नाही.

हे झाल्यावर आवाज. किकचे अंग ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असते, तर बीटरची टकटक २ ते ४ हजार हर्ट्झमध्ये. देवळावरचा भोंगा इतका खालचा आवाज काढूच शकत नाही. त्यावर बेस चढवून ॲम्प्लिफायर फक्त गुदमरतो. तिथे टकटकच वाढवावी. मोठे स्पीकर असतील तर ते स्टँडवर न चढवता जमिनीवर ठेवले की खर्ज भरतो. ॲम्प्लिफायरचे वॅट दुप्पट केले तरी वाढ ३ डेसिबलचीच होते, कानाला जेमतेम कळणारी.

ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला उघड्यावर बंदी आहे. सणांच्या मोजक्या दिवशी राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकते. गोंधळ रात्रीचाच विधी, त्यामुळे पुढचा भाग बंद जागेत आणि हळू आवाजात करावा लागतो. एकूण आवाज उतरला की माणसाच्या कानाला खर्ज इतर आवाजांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो. म्हणून मास्टर खाली आणताना किकची पातळी बाकीच्या पॅडांच्या मानाने थोडी वर घ्यावी लागते. ही पातळी ज्या त्या किटची, म्हणजे मशीनमध्ये साठवलेल्या आवाजांच्या संचाची असते, सेन्सिटिव्हिटी आणि थ्रेशोल्डसारखी साऱ्या मशीनची नव्हे. गोंधळाच्या किटमध्ये वाढवलेला किक लावणीच्या किटमध्ये आपोआप वाढत नाही.